प्रोफायलरचा तक्ता स्क्रिप्टला का वाचता येत नाही

प्रोग्राम हळू चालतोय म्हटल्यावर अंदाजाने कोड बदलत बसू नये, आधी मोजावं, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. हे मोजून देणारं साधन म्हणजे प्रोफायलर. कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला, मेमरी किती लागली, कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) किती वेळा साद घातली, प्रोसेसरची किती सायकल्स खर्ची पडली, असे आकडे तो काढतो आणि कमांड लाइनवर असेल तर सरळ टर्मिनलवर छापतो. एकदाच बघायचं असेल तर यात काहीच अडचण नाही. वरची चार-पाच नावं पाहिली, दोषी सापडला, विषय संपला.

पंचाईत होते ती मोजमाप पुन्हापुन्हा करायचं ठरलं की. कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना हवी, दर रात्री बिल्ड झाल्यावर आपोआप मोजणी व्हावी आणि वेग घसरला तर इशारा मिळावा, अनेक मशीनचे आकडे एका आलेखात यावेत. आता तोच मजकूर माणसाऐवजी स्क्रिप्टला वाचायचा असतो. मग आपण सगळे जे करतो तेच होतं: ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने ओळ पकडायची, ऑक या ओळीचे शब्द तोडणाऱ्या कमांडने तिसरा शब्द उचलायचा, त्याला संख्या म्हणायचं. हे चालतंही, आणि चालतं म्हणूनच धोक्याचं आहे. कारण ज्या दिवशी ते बिघडतं, त्या दिवशी एरर येईलच असं नाही. बऱ्याचदा फक्त चुकीचा आकडा येतो, तोही दिसायला अगदी खऱ्यासारखा.

नेमकं काय बिघडतं ते एका तक्त्यावर जवळून पाहू. लिनक्सवर एसट्रेस हे साधन प्रोग्रामने कर्नलला घातलेल्या सादा, म्हणजे सिस्टम कॉल, टिपतं. त्याला -सी हा पर्याय दिला की प्रोग्राम संपल्यावर सिस्टम कॉल्सचा गोषवारा मिळतो. त्यात सहा रकाने असतात: वेळेची टक्केवारी, सेकंद, दर कॉलमागे मायक्रोसेकंद, एकूण कॉल, त्यातले फसलेले कॉल आणि शेवटी सिस्टम कॉलचं नाव. नमुन्यादाखल दोन ओळी अशा:

४१.२०   ०.००२०६०   १०   २०६          रीड
१८.४०   ०.०००९२०    ८   ११५    ३७   ओपनॲट

रीडचा एकही कॉल फसला नाही, म्हणून त्याचा पाचवा रकाना रिकामा आहे. तिथे शून्य नाही, काहीच नाही. आपल्या डोळ्यांना ती मोकळी जागा दिसते आणि तिचा अर्थही लागतो. ऑक मात्र मधल्या सगळ्या स्पेस एकच समजून शब्द तोडतो, त्यामुळे त्याच्या लेखी पहिल्या ओळीत पाच शब्द आहेत आणि दुसरीत सहा. 'पाचवा शब्द म्हणजे सिस्टम कॉलचं नाव' असं धरून कोणी स्क्रिप्ट लिहिली असेल, तर रीड बरोबर येईल आणि ओपनॲटच्या जागी '३७' नावाचा एक नवाच सिस्टम कॉल जन्माला येईल. उलट 'पाचवा शब्द म्हणजे फसलेले कॉल' असं धरलं, तर गंमत अशी की बेरीज बरोबर येते. ऑकमध्ये 'रीड' हा शब्द बेरजेत घेतला की त्याची किंमत शून्य धरली जाते. म्हणजे एका स्क्रिप्टमध्ये उत्तर योगायोगाने बरोबर, दुसरीत शांतपणे चूक, आणि दोन्हींत एररचा मागमूस नाही.

इथला उपाय सोपा आहे. नाव घ्यायचं तर नेहमी ओळीतला शेवटचा शब्द घ्यायचा, आणि ओळीत शब्द किती आहेत हे तपासूनच पाचव्याला हात लावायचा. एसट्रेसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये गोषवाऱ्यातले रकाने आणि त्यांचा क्रम निवडायचीही सोय आहे. फसलेल्या कॉल्सचा रकाना मागितलाच नाही तर हा घोळ मुळातच होत नाही. शिवाय शीर्षक, खालच्या रेघा आणि शेवटची 'एकूण' ओळ वगळायला विसरू नये. एकूण ओळ बेरजेत धरली गेली की सगळं बरोब्बर दुप्पट दिसतं.

असाच प्रकार पायथॉनच्या सीप्रोफाइल या प्रोफायलरमध्ये आहे. त्याच्या तक्त्यात 'परकॉल' याच नावाचे दोन रकाने असतात. पहिला फंक्शनच्या स्वतःच्या वेळेवरून काढलेला, दुसरा त्याने बोलावलेल्या सगळ्या फंक्शनांचा वेळ धरून. शीर्षक वाचून रकाना शोधणारी स्क्रिप्ट त्यातला कुठला उचलेल हे लिहिणाऱ्याच्या नशिबावर. तक्त्याच्या अगदी पहिल्या रकान्यात, कॉलच्या संख्येच्या, तर कधी साधी संख्या असते आणि कधी '३/१' असं काहीतरी. तो अपूर्णांक नाही. फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल, तर एकूण कॉल तीन आणि त्यातला मूळ, म्हणजे स्वतःच स्वतःला न केलेला, कॉल एक, असं ते सांगतंय. माणसासाठी जागा वाचावी म्हणून दोन वेगळे आकडे एका खणात कोंबलेत.

पण सीप्रोफाइलचा तक्ता पार्स करायची, म्हणजे तोडून आकडे वेचायची, मुळात गरजच नाही. -ओ देऊन निकाल फाइलमध्ये ठेवता येतो आणि पायथॉनचंच पीस्टॅट्स हे मॉड्यूल ती फाइल वाचतं. तिथे एकूण कॉल आणि मूळ कॉल हे दोन सुटे आकडे मिळतात, स्वतःचा वेळ आणि एकत्रित वेळही सुटे मिळतात. फक्त ही फाइल ज्या आवृत्तीच्या पायथॉनने लिहिली तिनेच वाचावी. दुसऱ्या आवृत्तीत ती उघडेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणून दीर्घकाळ जपायचं असेल तर लगेच वाचून साध्या मजकुरात उतरवून ठेवावं.

या दोन उदाहरणांतून माझं जे मत बनलंय ते इथेच सांगून टाकतो: छापलेला तक्ता हे मोजमाप नाही, ते मोजमापाचं एक चित्र आहे. चित्र काढताना जागा वाचवली जाते, आकडे गोल केले जातात, लांब नावं कापली जातात, शून्याच्या जागी मोकळं सोडलं जातं, आणि माणसासाठी हे सगळं योग्यच आहे. चित्रावरून मूळ आकडे परत मिळवायला जाणं हा उलटा प्रवास आहे. साधन मूळ आकडे द्यायला तयार असेल तर आधी ते मागावेत. बहुतेक साधनं तयार असतात, आपण मॅन्युअल तेवढं खालपर्यंत वाचत नाही.

पर्फचंच बघा. लिनक्स कर्नलसोबत २००९ पासून येणारं हे साधन आहे. त्यातली 'पर्फ स्टॅट' ही कमांड प्रोसेसरच्या हार्डवेअर काउंटरवरून सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, कॅश मिस (जवळच्या मेमरीत माहिती न सापडणं) असे आकडे देते. नेहमीच्या छपाईत मोठ्या संख्यांमध्ये गटागटांनी विरामचिन्हं येतात, आणि ती कुठली व कुठे हे मशीनच्या लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या, सेटिंगवर ठरतं. एका मशीनवर तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम, जर्मन सेटिंगच्या मशीनवर त्याच जागी टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. एका मशीनवर लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीवर हजारपट चुकू शकते ती अशी. त्यामुळे कुठलंही मोजमापाचं साधन स्क्रिप्टमधून चालवताना 'एलसी_ऑल' या व्हेरिएबलची किंमत 'सी' करून घ्यावी. एका ओळीचं काम आहे आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पर्फ स्टॅटला -एक्स आणि एखादं चिन्ह दिलं की त्या चिन्हाने तोडलेल्या साध्या ओळी मिळतात: आधी आकडा, मग एकक, मग इव्हेंटचं नाव, मग काउंटर किती वेळ चालू होता, आणि एकूण वेळेच्या किती टक्के चालू होता. इथे दोन गोष्टी जपायच्या. पहिली म्हणजे जागा सरकते. ठरावीक अंतराने आकडे छापायला सांगितले तर ओळीच्या सुरुवातीला वेळेचा रकाना येतो, प्रत्येक कोअरचे आकडे वेगळे मागितले तर कोअरचा क्रमांक येतो. म्हणजे 'पहिला रकाना म्हणजे आकडा' हे गृहीतक एका पर्यायाने मोडतं. नव्या आवृत्त्यांमध्ये -जे देऊन जेसॉन या फॉरमॅटमधला मजकूर मिळतो, त्यात प्रत्येक किमतीला नाव असतं, त्यामुळे जागेवर विसंबून राहावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती फक्त फॉरमॅटची नाही. प्रोसेसरमध्ये हार्डवेअर काउंटर मोजकेच असतात. त्यापेक्षा जास्त इव्हेंट मोजायला सांगितले की कर्नल त्यांना आळीपाळीने काउंटर देतो. एखादा इव्हेंट निम्मा वेळच मोजला गेला असेल तर पर्फ त्याचा आकडा त्या प्रमाणात वाढवून छापतो. म्हणजे तो आकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो. ओळीच्या शेवटी कंसात दिसणारी टक्केवारी हेच सांगत असते. माणूस '५०%' पाहून जरा सावध होतो. फक्त आकडा उचलणारी स्क्रिप्ट ती टक्केवारी टाकून देते आणि अंदाजाला मोजणीच्या रांगेत नेऊन बसवते. प्रोग्राम कमी वेळ चालणारा असेल तर हा अंदाज बराच फसू शकतो, कारण काउंटर ज्या वेळी मिळाला त्या वेळी प्रोग्राम काही वेगळंच करत असू शकतो. मी तर म्हणेन, टक्केवारीचा रकाना नसलेली पर्फ स्टॅटची नोंद साठवूच नये.

आकड्याच्या रकान्यात कधीकधी संख्येऐवजी 'मोजलं नाही' किंवा 'सोय नाही' अशा अर्थाचा मजकूर येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे सर्रास दिसतं, कारण हार्डवेअर काउंटर आतपर्यंत पोचलेलेच नसतात. अशा वेळी स्क्रिप्टने शून्य लिहिलं तर आलेखात कॅश मिस अचानक नाहीसे झालेले दिसतात आणि कोणीतरी त्याबद्दल पाठ थोपटून घेतं. 'माहीत नाही' ही शून्यापेक्षा वेगळी किंमत आहे आणि ती साठवताना वेगळीच ठेवावी लागते.

एककांचा घोळ हे आणखी एक जुनं दुखणं. प्रोसेसने जास्तीत जास्त किती मेमरी वापरली हे सांगणारा आकडा लिनक्सवर किलोबाइटमध्ये येतो आणि मॅकओएसवर बाइटमध्ये. एकाच स्क्रिप्टने दोन्हीकडचे आकडे गोळा केले तर १०२४ पटींचा फरक पडतो. बॅशमधल्या 'टाइम'ची तऱ्हा निराळी. तो वेळ '०एम१.२३४एस' अशा रूपात छापतो, मिनिटं वेगळी आणि सेकंद वेगळे. मग कोणीतरी सुरुवातीचं '०एम' आणि शेवटचं 'एस' छाटून मोकळं होतं, आणि प्रोग्राम एका मिनिटाच्या आत संपतोय तोवर सगळं सुरळीत असतं. याच कमांडला -पी दिलं तर नुसते सेकंद मिळतात. ग्नू टाइम हा वेगळा प्रोग्राम आहे, बॅशमधला नव्हे. त्याला -एफ देऊन हवे तेवढेच आकडे हव्या त्या क्रमाने छापायला सांगता येतं आणि -ओ देऊन ते वेगळ्या फाइलमध्ये टाकता येतात.

हे वेगळ्या फाइलचं महत्त्वाचं आहे. ग्नू टाइम काय, पर्फ स्टॅट काय किंवा एसट्रेस काय, ही साधनं आपला निकाल स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) लिहितात, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या नेहमीच्या आउटपुटमध्ये तो मिसळत नाही. पण त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या एरर आणि वॉर्निंग त्याच वाटेने येतात. एखादी वॉर्निंग बरोबर मधल्या ओळीत घुसली की पार्सर गोंधळतो. तिघांनाही -ओ समजतो, तो वापरावा. रंगांचे अदृश्य कोड आणि टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे कापली जाणारी नावं हेही त्रासदायक असतात, पण आउटपुट फाइलमध्ये गेलं की बरीच साधनं ते आपणहून बंद करतात.

नावांचा प्रश्न मात्र फाइलमध्ये गेल्याने सुटत नाही. सी++ मधल्या टेम्प्लेट फंक्शनच्या नावात स्पेस असतात, स्वल्पविराम असतात, कोनी कंस असतात, आणि एकेक नाव चार ओळींचं असू शकतं. स्वल्पविरामाने तोडलेल्या ओळीत असं नाव आलं की रकान्यांची संख्याच बदलते. पर्फ रिपोर्टला -टी देऊन विभाजक चिन्ह ठरवता येतं, आणि ते चिन्ह नावात आढळलं तर पर्फ तिथे टिंब घालतो. रकाने शाबूत राहतात, पण नाव बदलतं. मग तेच नाव दुसऱ्या साधनाच्या आउटपुटशी जुळवायला गेलं तर जुळत नाही. म्हणून स्वल्पविरामापेक्षा टॅब बरा. फंक्शनच्या नावात टॅब सहसा नसतो.

यावर मला सगळ्यात आवडलेली तोड फ्लेम ग्राफ, म्हणजे कुठल्या फंक्शनांत वेळ गेला ते दाखवणारे आलेख, यांच्या गोतावळ्यातली आहे. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये फ्लेम ग्राफ आणले तेव्हा त्यासोबत एक अगदी साधा मधला फॉरमॅट आला. एका ओळीत एक कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी), फंक्शनांची नावं अर्धविरामाने जोडलेली, मग एक स्पेस आणि तो स्टॅक किती वेळा सापडला ती संख्या:

मेन;फाइल_वाच;तुकडे_पाड ४२
मेन;फाइल_वाच;मेमरी_माग १७
मेन;निकाल_लिही ९

पार्स करताना ओळ उजवीकडून धरायची. शेवटची स्पेस शोधायची, तिच्या उजवीकडे संख्या, डावीकडे स्टॅक. नावात कितीही स्पेस असल्या तरी फरक पडत नाही. शिवाय प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण आहे. 'तुकडे_पाड' असलेल्या सगळ्या ओळी ग्रेपने काढून शेवटच्या आकड्यांची बेरीज केली की त्या फंक्शनचा, त्याने बोलावलेल्यांसकट, वाटा मिळतो. दोन वेळच्या मोजण्या एकामागे एक चिकटवून एकसारख्या ओळींची बेरीज केली की एकत्र प्रोफाइल तयार. पर्फच्या आउटपुटपासून या ओळी बनवणारी स्क्रिप्ट ग्रेग यांच्याच संचात आहे आणि हा फॉरमॅट वाचणारी दर्शकं भरपूर आहेत. त्यात कोणता स्टॅक आधी आणि कोणता नंतर आला हे हरवतं, आणि ती संख्या सॅम्पलची की मायक्रोसेकंदांची हेही ओळ सांगत नाही. ते फाइलच्या नावात लिहून ठेवावं लागतं.

जेसॉनबद्दल बऱ्याच जणांची समजूत असते की ते मिळालं म्हणजे प्रश्न मिटले. रकान्यांचे आणि नावांचे प्रश्न मिटतात हे खरं. पण जेसॉन वाचणारी अनेक साधनं सगळ्या संख्या डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात धरतात, आणि त्यात दोनचा ५३वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, याच्या पुढच्या सगळ्याच पूर्ण संख्या अचूक मावत नाहीत. ही मर्यादा फार लांबची वाटते, पण ३ गिगाहर्ट्झवर पूर्ण वेळ राबणाऱ्या ६४ कोअरच्या सायकल्स एकत्र मोजल्या तर ती साधारण १३ तासांत ओलांडली जाते. पर्फ आपल्या जेसॉनमध्ये काउंटरची किंमत अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून देतो. ते विचित्र दिसलं तरी या बाबतीत सोयीचंच आहे. दुसरी गोष्ट, एक भलामोठा जेसॉन ऑब्जेक्ट शेवटचा महिरपी कंस येईपर्यंत अपुरा असतो. प्रोग्राम मध्येच मारला गेला तर तासाभराची मोजणी वाचताच येत नाही. दर ओळीला एक छोटा ऑब्जेक्ट लिहिला तर फार तर शेवटची ओळ जाते.

आता समजा तुम्हीच असं एखादं साधन लिहिताय. नुसतं चालवलं की माणसाला आवडेल असा देखणा तक्ता खुशाल द्या, रंगही द्या. सोबत स्क्रिप्टसाठी एक वेगळा पर्याय ठेवा आणि मुख्य म्हणजे त्या पर्यायाचं आउटपुट पुढच्या आवृत्तीत बदलणार नाही असं लिहून द्या. गिटमध्ये 'स्टेटस' कमांडला --पोर्सेलिन हा पर्याय आहे. तिथे आवृत्ती बदलली किंवा वापरणाऱ्याने स्वतःची सेटिंग बदलली तरी ते आउटपुट तसंच राहील असं मॅन्युअलमध्येच म्हटलंय. असं वचन असलेला साधा मजकूर मला वचन नसलेल्या जेसॉनपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. एकक किल्लीच्या नावातच घाला: 'वेळ' नको, 'वेळ_नॅनोसेकंद' हवं. गो भाषेच्या बेंचमार्कमध्ये प्रत्येक आकड्याच्या लगेच पुढे त्याचं एकक छापलं जातं, तीही चांगली पद्धत आहे. आउटपुट टर्मिनलवर जातंय की पाइपमध्ये यावरून रंग बंद करणं ठीक, पण रकाने बदलू नका. टर्मिनलवर पाहून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची त्यात फसगत होते.

आणि गोल केलेले आकडे यंत्राला देऊ नका. हायपरफाइन हे वेळ मोजणारं साधन पडद्यावर सरासरी आणि प्रमाण विचलन दाखवतं, पण जेसॉनमध्ये निर्यात केलं की प्रत्येक धावेचा वेळ सुटा देतं. सरासरीवरून मध्यक काढता येत नाही, सुट्या आकड्यांवरून हवं ते काढता येतं.

साधन जुनं असेल, दुसऱ्याचं असेल आणि तक्त्याशिवाय काहीच देत नसेल, तर तक्ता पार्स करण्यात कमीपणा नाही. जीप्रोफसारखं १९८२ पासूनचं साधन तर तक्त्याखाली प्रत्येक रकान्याचा अर्थ समजावणारा लांबलचक मजकूरही छापतं. स्क्रिप्टसाठी -बी देऊन तो बंद करता येतो. असा पार्सर लिहिताना मूळ आउटपुट जसंच्या तसं फाइलमध्ये ठेवावं आणि पार्सर त्या फाइलवर चालवावा. चूक सापडली तर पार्सर दुरुस्त करून पुन्हा चालवता येतो, मोजमाप पुन्हा करावं लागत नाही. त्याच फाइलच्या डोक्यावर साधनाची आवृत्ती आणि पूर्ण कमांड लिहून ठेवावी. न समजलेली ओळ आली तर पार्सरने ती गुपचूप वगळू नये, थांबून ओरडावं.

आणखी एक स्वस्त तपासणी आहे. सपाट प्रोफाइलमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या साध्या यादीत, प्रत्येक फंक्शनच्या स्वतःच्या वेळेची टक्केवारी असते, तिची बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी. ९९.८ आली तर ती गोलाई. ८३ आली तर बहुधा स्पेस असलेली नावं कुठेतरी गळलीत. २०० आली तर एकूण ओळही बेरजेत शिरली आहे.